पांढऱ्याचा हिशेब

इर्मेली आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते,
म्हणजे औलूच्या डिसेंबरात दिवेलागण.
उंबऱ्याशी बूट झटकले, हातमोज्यातून यादी काढली,
पेन्सिलीने लिहिलेली, दोनदा खोडलेली.

मी तळघरात कॉम्प्युटर जोडून देतो.
त्याआधी बावीस वर्षं कागदाच्या गिरणीत होतो,
कागद किती पांढरा झालाय ते मोजायला.
गिरणी गेली.
मोजायची खोड राहिली.

"प्रोसेसर सगळ्यात मोठा हवा," ती म्हणाली.
कशाला?
"फिल्म करतेय. हायलुओतो बेटाकडे जाणारा
समुद्रावरचा बर्फाचा रस्ता. अकरा तासांचं चित्रण.
सगळं पांढरं."

मग मोठा नको, मधला घे.
वाचलेल्या पैशांत रॅम घालू, चौसष्ट,
आणि पॉवर सप्लाय असा, की पुन्हा कधी
त्याची आठवणच होऊ नये.
(गिरणीत म्हणायचो: चांगला पंप तो,
ज्याचा नंबर कुणाला पाठ नसतो.)

ग्राफिक्स कार्डापाशी दोघंही थांबलो,
बंदरावर महागड्या माशापाशी थांबतात तसे,
किंमत वाचून पुन्हा माशाच्या डोळ्यात बघत.
शेवटी एक पिढी मागचं घेतलं.
तीन पडदे पेलेल, एवढा जीव आहे त्याच्यात.

पंखे मोठे आणि संथ. भिंतीपलीकडे सासू झोपते,
आणि सासूला फ्रिजच्या घरघरीचाही राग येतो.

पडद्यांवरून मात्र आमची जुंपली.
मी म्हटलं, तिन्ही एका कंपनीचे घे,
जमल्यास खोक्यांच्या एकाच चळतीतले,
नाहीतर एकाचा पांढरा दुसऱ्याच्या पांढऱ्याला ओळख देत नाही.
ती म्हणाली, दोन नवे. तिसरा माझा जुना.
टीव्ही केंद्रातली नोकरी सुटली तेव्हा
चाळीस युरोला उचललेला.
कोपऱ्यात डाग, कडेने लोण्यासारखी झाक.

अगं, तो खोटं बोलतो.

"बोलतो ना. पण किती बोलतो ते मला ठाऊक आहे.
नव्यांचं कळायला दहा वर्षं जातील."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
बिलात लिहिलं: जुना, एक. किंमत, आडवी रेघ.

शनिवारी तिच्या टेबलाखाली पालथा पडून केबली खोचल्या.
पेटी लागली. तिन्ही पडद्यांवर तिने एकच चित्र आणलं:
बर्फावर उभी बस, आणि ड्रायव्हर उर्हो
काच खाली करून कान बाहेर काढलेला,
खालचं बर्फ काय म्हणतंय ते ऐकत.
डावीकडे रस्ता चुन्यासारखा.
मधे दुधी, जरा निळ्याकडे झुकलेला.
उजवीकडे कुणी तुपात बुडवून काढावा तसा.

मी मोजायचं यंत्र काढलं, पडद्यावर धरलं,
तापलेल्या पोराच्या काखेत थर्मामीटर धरावा तसं.
चाळीस मिनिटांत डावा आणि मधला
शेजाऱ्यांसारखे तोंडदेखले जुळले.
जुन्याने मान डोलवली नाही.

इर्मेलीने खिडकी उघडली. बाहेर उणे एकोणीस.
चौकटीवरचं मूठभर बर्फ घेऊन आली
आणि तळहात पडद्यांपुढे धरला.
टेबलावरच्या दिव्याखाली ते
करडं होतं, पिवळं होतं, बोटांच्या फटीत गुलाबी होतं.
गिरणीतल्या एकाही आकड्यात बसलं नसतं.
मी यंत्र जवळ नेलं, न राहवून,
तोवर थेंब कीबोर्डवर पडला
आणि मी ओरडलो.

तिने हात पँटला पुसला,
उजवीकडच्या जुन्या पडद्याकडे बघत बघत
मधल्या पडद्यावरचा रस्ता किंचित निळा केला.
मग अजून किंचित.
मग अर्धा परत घेतला.

"बघ आता," म्हणाली.
मी बघितलं. तिन्ही वेगळेच होते.
उर्होच्या कानाला मात्र पहिल्यांदा थंडी वाजत होती.

मी काहीतरी मोठ्याने बोललो असणार,
कारण भिंतीवर तीनदा ठकठक झाली.
पंखे नव्हते ते.
आम्हीच होतो.